‘आठ जीबी पुरते की!’ : जळगावच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. तुम्हाला राग आलाय आणि त्यातला काही भाग अगदी रास्त आहे. म्हणून चार ओळींत उरकत नाही, सविस्तर लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी एवढं सांगतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल तर १६ जीबी मेमरीचंच घ्या, ८ जीबीचं घेणं म्हणजे पैसे पाण्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : “पुण्यात बसून ‘सहा हजार जास्त घाला’ म्हणायला काय जातं? मी डिप्लोमा करतो. मोबाईलच्या दुकानात संध्याकाळी काम करून वर्षभर पैसे साठवलेत. माझा मॉनिटर साधा १०८०पी आहे, मदरबोर्ड जुना बी४५० आहे, प्रोसेसर रायझन ३६००. दोन्ही कार्डांची चिप एकच, चार्टवर एफपीएस सारखेच. मग मेमरीची भीती घालून पोरांना खर्चात का पाडता? डीएलएसएस कशासाठी आहे मग?” (नवख्यांसाठी : १०८०पी म्हणजे फुल एचडी पडदा, एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, आणि डीएलएसएस म्हणजे लहान चित्र काढून मोठं करण्याचं एनव्हिडियाचं तंत्र.)

आधी माफी मागतो. ‘पैसे पाण्यात’ हे शब्द मी लेखातून काढलेत. कुणी वर्षभर राबून घेतलेल्या वस्तूबद्दल असं लिहायला नको होतं. शिवाय ते खरंही नव्हतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जुना जीटीए ५, क्रिकेटचे गेम एवढंच ज्याला खेळायचंय त्याला ८ जीबी भरपूर आहे. त्याला तर ५०६० टीआयचीही गरज नाही, त्याहून स्वस्त कार्डात त्याचं काम होतं. हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ती चूक माझी.

पण मूळ सल्ला मी मागे घेत नाही. उलट तुमची परिस्थिती वाचल्यावर तो जास्तच ठामपणे सांगावासा वाटतो. ज्याचं बजेट कमी आणि पीसी जुना, त्यालाच जादा मेमरीची गरज सगळ्यात जास्त असते. ज्याच्याकडे पैसा आहे तो दोन वर्षांनी कार्ड विकून नवं घेईल. तुम्ही हे कार्ड पाच-सहा वर्षं वापरणार आहात.

आता चार्टकडे येतो. ५०६० टीआय बाजारात आलं १६ एप्रिल २०२५ ला, पण त्या दिवशी समीक्षकांच्या हातात होतं ते १६ जीबीचं कार्ड. ८ जीबीचं कार्ड त्यांना आधी पाठवलंच नव्हतं. ज्यांना ते तपासायचं होतं त्यांनी नंतर दुकानातून विकत आणून तपासलं. त्यामुळे पहिल्या आठवड्यातले जे व्हिडिओ आणि चार्ट आजही सर्चमध्ये वर दिसतात, ते बहुतेक सगळे १६ जीबीचे आहेत. खोक्यावर मात्र दोघांचं नाव एकच, त्यामुळे ८ जीबीवाल्याला वाटतं की हे आकडे आपलेच. तुम्ही पाहिलेल्या चार्टखाली मेमरीचा आकडा होता का, ते एकदा परत जाऊन बघा.

चिप एकच आहे हे तुमचं म्हणणं बरोबर. दोन्हींत ४६०८ कुडा कोअर (चिपमधली हिशेब करणारी छोटी एककं), दोन्हींत १२८ बिटची बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट), दोन्हींची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते. गेम आठ जीबीत मावतो तोवर ही जुळी भावंडं आहेत. मावेनासा झाला की त्यांचे रस्ते वेगळे होतात, आणि सरासरी एफपीएसच्या चार्टवर ते नीट दिसतच नाही.

दिवाळीत मी सोलापूरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याकडे आरटीएक्स ३०७० आहे, आठ जीबीचं. कार्ड ताकदीचं आहे. हॉगवर्ट्स लेगसी चालू होता, टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) अल्ट्रावर, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा खराखुरा हिशेब) चालू, मॉनिटर तुमच्यासारखाच १०८०पी. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा साठच्या आसपास, म्हणजे चांगलाच. पण वाड्याचं दार उघडून आत गेलं की भिंतीवरची चित्रं ओल्या कागदावर रंग फुटावा तशी मळकट दिसायची, आणि दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट व्हायची. काही भिंती तर शेवटपर्यंत मळकटच राहायच्या. मधेच एक हिसका बसायचा. भाचा म्हणाला, “मामा, एसएसडी गेली वाटतं, नवी बघतोय.” मी टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणलं, रे ट्रेसिंग बंद केलं, गेम बंद करून पुन्हा चालू केला. चित्रं जागच्या जागी, हिसका गायब. एसएसडी ठणठणीत होती. कार्डाच्या चिपमध्येही दम होता, फक्त सामान ठेवायला जागा नव्हती. तीन-चार हजारांची एसएसडी तो विनाकारण घेणार होता.

तो हिसका सरासरीत कसा लपतो, तेही बघा. समजा ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एका फ्रेमला १५० मिलिसेकंद लागले. डोळ्याला तो झटका स्पष्ट जाणवतो, निशाणा चुकतो. पण सरासरी काढली तर येते ५८ एफपीएस, आणि चार्टवर ५८ बघून कुणीही ‘छान चालतंय’ म्हणेल. म्हणून कुठलाही चार्ट बघताना ‘१ टक्का लो’ (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा आधी बघत जा, सरासरी नंतर. आणि मळकट भिंत तर कुठल्याच आकड्यात येत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते.

तुमच्या बी४५० बोर्डाचा मुद्दा मूळ लेखात सुटला होता, तो तुमच्यामुळे लक्षात आला. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

कार्डाची मेमरी भरली की जास्तीचं सामान पीसीच्या रॅममध्ये जातं, आणि लागेल तेव्हा मदरबोर्डच्या स्लॉटमधून ओढून आणावं लागतं. ५०६० टीआयला त्या स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटा ये-जा करण्याच्या मार्गिका) वापरता येतात. नव्या बोर्डावर, म्हणजे पीसीआयई या स्लॉटच्या ५.० पिढीवर, त्या आठ लेनमधून सेकंदाला साधारण ३२ जीबी जातात. ४.० वर १६ जीबी. बी४५० वर ३.० आहे, तिथे फक्त ८. कार्डाची स्वतःची मेमरी ४४८ च्या वेगाने चालते आणि बाहेरून आणायचा रस्ता ८ चा, म्हणजे ५६ पट बारीक. १६ जीबीच्या कार्डाला हा रस्ता क्वचितच लागतो, कारण सामान घरातच असतं. म्हणून जुन्या बोर्डावर १६ जीबीचं कार्ड थोडंसंच मागे पडतं, आणि ८ जीबीचं मेमरी भरल्यावर पार कोलमडतं. नव्या बोर्डावर चाचणी घेणाऱ्याला हे इतकं जाणवणार नाही, तुमच्या टेबलावर जाणवेल.

हीच गोष्ट रायझन ५६००जी (अंगचंच ग्राफिक्स असलेला एएमडीचा प्रोसेसर) वाल्यांनाही लागू. २०२१ मध्ये कार्डं मिळेनात आणि मिळाली तर दुपटीने, तेव्हा आपल्याकडे कित्येकांनी ‘आत्ता यावर भागवू, कार्ड नंतर घेऊ’ म्हणून तो प्रोसेसर घेतला. त्यांचा बोर्ड बी५५० असला तरी ५६००जी स्वतः ३.० चाच आहे. त्यामुळे त्यांनाही हेच.

‘१०८०पी मॉनिटरला १६ जीबी कशाला?’ हा प्रश्न बरेच जण विचारतात. पडद्यावरचं चित्र स्वतः फार जागा घेत नाही. १०८०पीची एक फ्रेम साधारण ८ एमबी, ४केची ३३ एमबी. शेडिंगचे मधले थर धरले तरी हिशेब आटोक्यात राहतो. जागा खातात ती टेक्श्चर. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्श्चर दाबून बसवल्यावरही त्याच्या छोट्या प्रतींसकट वीस-बावीस एमबी होतं. एका भिंतीला रंगाचं वेगळं, खडबडीतपणाचं वेगळं, चमकेचं वेगळं. अशा शेकडो वस्तू. मॉनिटर लहान केला तरी अल्ट्रा टेक्श्चरचा हा ढीग फारसा कमी होत नाही. रे ट्रेसिंग चालू केलं की त्याचा नकाशा आणखी वर. मागे उघडा ब्राउझर आणि डिस्कॉर्डही थोडी मेमरी धरून बसतात.

हे सामान एवढं का वाढलं, त्याचं कारण कन्सोलमध्ये आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्ही नोव्हेंबर २०२० मध्ये आले, दोन्हींत १६ जीबी मेमरी. सिरीज एक्समध्ये त्यातली साडेतेरा जीबी गेमच्या वाट्याला येते. गेम बनवणारे तो आकडा धरून बनवतात. आणि एएमडीचं ८ जीबीचं आरएक्स ४८० आलं होतं २०१६ मध्ये, २३९ डॉलरला. नऊ वर्षांनी ३७९ डॉलरच्या कार्डात तेवढीच मेमरी मिळावी, याचा मला मनापासून राग आहे. तो राग चुकून तुमच्यासारख्या घेणाऱ्यावर निघाला. १६ जीबीच्या आवृत्तीची जाहीर किंमत ४२९ डॉलर होती, म्हणजे फरक ५० डॉलरचा. आपल्याकडे कर आणि दुकानदाराचं धरून तुम्हाला सहा हजार सांगितलेत. पाच वर्षं वापरायच्या वस्तूला महिन्याला शंभर रुपये पडतात. शंभर रुपयेही तुमच्यासाठी मोठे असतील, हे मला कळतं. पण दोन वर्षांनी कार्ड बदलावं लागलं तर त्याहून कितीतरी जास्त जातील.

डीएलएसएसबद्दल. लहान आकारात चित्र काढून मोठं करण्याने मेमरी थोडी वाचते, हे खरं. पण फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेममध्ये बनवलेल्या फ्रेम घालणं) चालू केलं की ते स्वतःच मेमरी मागतं. ज्या कार्डाची मेमरी आधीच भरलीय त्यावर फ्रेम जनरेशन लावून परिस्थिती आणखी बिघडते. शिवाय मधल्या फ्रेम बनवलेल्या असतात, तुमच्या माऊसला उत्तर देणाऱ्या नसतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘५०७० म्हणजे ४०९० ची ताकद ५४९ डॉलरमध्ये’ अशी घोषणा झाली, ती अशाच बनवलेल्या फ्रेम मोजून. पायाचा वेग साठ एफपीएस असेल तर फ्रेम जनरेशन छान लागतं. तीसवर लावलं तर आकडा दिसतो मोठा आणि हात जडच राहतो.

‘एनव्हिडियाचीच जाहिरात करता’ असंही तुम्ही शेवटी म्हटलंय. तर तुमच्या बोर्डासाठी माझी पहिली पसंती सांगतो : एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. जून २०२५ मध्ये आलं, जाहीर किंमत ३४९ डॉलर. ते पूर्ण सोळा लेन वापरतं, म्हणजे बी४५० वरही त्याचा रस्ता ५०६० टीआयच्या दुप्पट रुंद राहतो. १६० वॉटचं कार्ड आहे, जळगावच्या मे महिन्यात खोलीत तेवढी उष्णता कमी. रे ट्रेसिंगमध्ये ५०६० टीआय पुढे आहे, आणि ब्लेंडर किंवा कुडावर चालणारं काही शिकायचं असेल तर एनव्हिडियाच बरं. नुसतं गेमिंग असेल तर एएमडीत वाचलेले पैसे घरात राहतील. त्याचीही ८ जीबीची आवृत्ती याच नावाने मिळते, तिथेही तेच सांभाळा.

इंटेलचं बी५८० मोहात पाडेल, १२ जीबी आहे आणि स्वस्तही. पण ते जुन्या प्रोसेसरबरोबर बरंच मंदावतं. तुमच्या रायझन ३६०० बरोबर घेऊ नका.

सेकंडहँड बघत असाल तर ३०६० चं १२ जीबीचं कार्ड हा सगळ्यात स्वस्त मार्ग. वेगाने ५०६० टीआयच्या खूपच मागे आहे, पण सोळा लेन आणि १२ जीबी. क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये वापरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून घेण्याआधी अर्धा तास जड गेम चालवून पंख्यांचा आवाज ऐका आणि तापमान बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत कुणी चालवून दाखवायला तयार नसेल तर तिथून निघा.

एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर कार्डाआधी तो बदला, यात तडजोड नको.

आणि ज्यांनी ८ जीबीचं कार्ड आधीच घेतलंय त्यांनी मनाला लावून घेऊ नका. टेक्श्चर अल्ट्राऐवजी हाय ठेवा, फरक डोळ्याला क्वचितच दिसतो. मेमरी काठावर असेल तर रे ट्रेसिंग बंद. खेळताना ब्राउझर बंद. द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर मार्च २०२३ मध्ये आला तेव्हा आठ जीबीवर अगदी वाईट दिसत होता, पुढच्या अपडेटनी तो बराच सुधारला. सगळेच गेम असे सुधारत नाहीत, पण काही सुधारतात.

तुम्ही अजून पैसे दिलेले नाहीत असं प्रतिक्रियेवरून वाटतंय. दुकानात गेलात की खोक्यावर नावाशेजारचा १६ जीबी हा आकडा स्वतः वाचा, आणि बिलावरही तो लिहून घ्या, नुसतं मॉडेलचं नाव नको. घरी आल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी साईज बघा. त्याआधी बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि बायोसचा (बोर्डाच्या अंगच्या सॉफ्टवेअरचा) नंबर मला खाली लिहून पाठवा. जुना बायोस असेल तर रिसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीसाठी) तो आधी अपडेट करावा लागेल. कसा करायचा, ते मी तुमच्या बोर्डाप्रमाणे पायरीपायरीने लिहून देतो.