कॅरिअरचे भोकं कुठायत भाऊ?

तालुक्याच्या सायकल दुकानात सातवी चक्कर झाली आज, अन् आता डोकंच फिरलं राजेहो. मले टूरिंग सायकल पायजे, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सामान लादून चढायचा आहे, किती वेळा सांगू? स्टील फ्रेम, ३६ स्पोकचं चाक, कॅरिअर कसायले फ्रेमले भोकं, अन् चढावर पाय फिरतील असा हलका गिअर. यात समजण्यासारखं नाही काय आहे?

पण दरवेळी तेच, "हे घ्या ना भाऊ, २१ गिअर, डिस्क ब्रेक, पुढं शॉकअप!" अरे पण त्या शॉकअपवर पुढचं कॅरिअर कसू कुठं? पायडलपासून मागच्या चाकापर्यंतचा दांडा आखूड असला का पायडल मारताना टाच मागच्या कॅरिअरले लटकवलेल्या बॅगेले लागते, हे घाटात गेल्यावर सांगसान का? फ्रेमचा साइज विचारला तर म्हणे सीट खालीवर होते. सीट वर केल्यानं हँडल जवळ येते का?

अन् ऑर्डर? "आठ दिवसात येते." पाच हजार ॲडव्हान्स देऊन चार महिने झाले! नसंन आणता येत तर तोंडावर नाही म्हणा ना, माणसाले कायले झुलवता? पाऊस गेला, हिवाळा निघून चालला, उन्हाळ्यात आपल्या विदर्भात ४५ डिग्रीत चालवू का मी?