पाच वाजता उठा म्हणे!

आज कॉलेजात दोन लेक्चरं कॅन्सल करून मोटिवेशनल सेशन झालं. बाहेरून एक सर आले होते, कॉलरला माईक, पहिल्याच स्लाईडवर उगवता सूर्य. यशस्वी इंजिनीअर पाच वाजता उठतो, थंड पाण्याने अंघोळ करतो, डायरीत तीन गोल लिहितो, रोज एक कोडिंग प्रॉब्लेम सोडवतो आणि गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाईटवर, रोज एक हिरवा चौकोन पाडतो (ज्या दिवशी कोड टाकला त्या दिवसाचा चौकोन हिरवा). स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटता कामा नये. इथपर्यंत मी गप्प ऐकत होते, मागच्या बाकावर बसून असाइनमेंट उतरवत होते खरं तर. पण शेवटी म्हणाले, कोकणातल्या मुलांकडे डोकं आहे हो, फक्त शिस्त नाही, तुमचं सगळं निवांत असतं. आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या!! कोणी? ज्यांचे बाप रात्री दोनला होडी लोटतात त्यांनी. आमच्या वाडीत पाचला उठणाऱ्याला उशिरा उठला म्हणतात आणि हे आम्हाला पहाट शिकवणार.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी लाईक करून पुढे जा.

माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट बहुतेकांना माहितीय. मालवणजवळच्या कालावल खाडीच्या जेटीवर पाण्याची पातळी मोजायचा. ईएसपी32 नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, एक साधा अल्ट्रासोनिक सेन्सर, प्लास्टिकच्या डब्यात बंद करून खांबाला बांधलेला. सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळेवरून अंतर. बस. रिव्ह्यूला विचारलं, यात एआय कुठंय? नॉव्हेल्टी काय? एलएसटीएम (एआयचं एक मॉडेल) लावा काहीतरी. आता भरती-ओहोटी चंद्र-सूर्यावर चालते, लॉर्ड केल्विनने 1870 च्या दशकात पुल्या आणि दोरी वापरून तिचं भाकीत करणारं यंत्र बनवलं होतं, वीज नाही, कॉम्प्युटर नाही. पण नाही, आम्हाला एआय पाहिजे. रिपोर्टच्या टायटलमध्ये 'स्मार्ट' शब्द घातला तेव्हा कुठे पास झाला. ब्लॅक बुकवर, म्हणजे बाइंड केलेल्या रिपोर्टवर, सोनेरी अक्षरात स्मार्ट छापलं जाणार आहे, बघायला या.

तर मुद्दा काकीचा. शेजारची काकी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत कालवं काढायला जाते, मुळे (शिंपल्यांचा एक प्रकार) पण. तिला पाणी किती सुकलं आणि कधी फिरणार हे कळलं की झालं. तिचं गणित एका ओळीचं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चवथ असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. दोन्ही पक्षांना चालतं, दिवसाही आणि रात्रीही, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती. शाळेत कधी गेली नाही बाई, पण भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते हे तिच्या त्या पाऊणपटीत बसवलेलंच आहे. फक्त हे गणित समुद्राच्या तोंडाचं. खाडीत आतपर्यंत पाणी यायला वेळ लागतो, मग ती वर अंदाजाने थोडं वाढवते. आणि पावसात नदीला पूर आला की अंदाज पण बोंबलतो. सरकारी भरतीचे तक्ते निघतात, हैदराबादच्या इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) अंदाज मोबाईलवर बघता येतात, पण ते बंदरांचे. आमच्या वाडीसमोर पाणी कधी फिरतं ते कोणी सांगत नाही. माझा प्रोजेक्ट एवढाच आहे. ते थोडं वाढवायचं म्हणजे किती.

आता सवयीचं बोलते, कारण सर तीच शिकवायला आले होते ना.

सेकंड इयरपर्यंत मी सगळे उद्योग केलेत. हॅबिट ट्रॅकर ॲप. पंचवीस मिनिटांचे पोमोडोरो. भिंतीवर टाइमटेबल, रंगीत स्केचपेनने. चार दिवस उत्साह, मग ते ॲप बिचारं नोटिफिकेशन पाठवत बसायचं आणि मी रील्स बघत. का टिकलं नाही? मी नाही केलं तर कोणाचं काय अडत होतं!

आणि आता? आता रोज जेटीवर जाते. सेन्सरचा डबा पुसते, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात त्या बघते, बाजूला रंगाने आकडे काढलेली लाकडी पट्टी रोवलीय तिच्यावरचं पाणी वाचून वहीत लिहिते, कारण पट्टी नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय की खरं हे कळणार कसं. आणि तो बोलतो खोटं! हवा तापली की आवाज जोरात पळतो, वीस डिग्रीला सेकंदाला 343 मीटर, दहा डिग्री वाढली की सहा मीटर जास्त. म्हणजे तीन मीटरवरच्या पाण्यात पाचेक सेंटीमीटरची गडबड, कोडमध्ये तापमान घातलं नाही तर. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, वहीतले दुपारचे आकडे रोज तसेच चुकायला लागले तेव्हा दिसलं. होडी गेली की लाटेने आकडा उडतो, मग पटापट बरीच रीडिंगं घेऊन मधलं धरायचं. एकदा कोणीतरी जाळं वाळत घातलं नेमकं सेन्सरखाली, दिवसभर खाडीला भरती!

हे सगळं कशामुळे? काकी संध्याकाळी पडवीत येऊन उभी राहते. "गो, उद्या पाणी कधी सुकतला? तुझा मशीन काय म्हणता?" आता सांगा, त्या बाईसमोर 'आज मूड नव्हता' म्हणू? तिच्याकडे बटनांचा फोन, वेबपेज बिजपेज तिला कुठलं. म्हणून मी बाहेर असले की फोन करून सांगते. गाईड म्हणाले हे ऑटोमेट कर, मेसेज पाठव. मेसेज वाचणार कोण? काकीला वाचता येत नाही सर.

रात्रीची सुकती असली की आईला सोबत न्यावं लागतं. आई पूर्ण रस्ता कुरकुरते, हे कसलं शिक्षण, लोकांची पोरं एसीत बसून शिकतात. पण बॅटरी तिच्याच हातात असते आणि पट्टीवरचा आकडा आता माझ्याआधी तीच वाचते. पातळी मोजायच्या शास्त्रात ऑब्झर्व्हर म्हणतात तसा आमचा ऑब्झर्व्हर आई आहे, रिपोर्टच्या आभारात तिचं नाव एचओडींच्या वर टाकणार आहे, बघू कोण काय म्हणतं.

बाबांचं पण तेच. सीझनला रात्री दोनला उठतात, अलार्म नाही, काही नाही, कारण बाकीचे खलाशी किनाऱ्यावर उभे असतात. पावसात होडी वर काढून ठेवली की हेच बाबा आठपर्यंत घोरतात! त्यांची शिस्त गेली का मग? रापणीला (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) एकाने दांडी मारली तर दोर ओढायला माणूस कमी पडतो, म्हणून माणूस जातो. एवढं साधं आहे. सरांच्या पाच वाजता कोण उभं आहे वाट बघत? आरसा?

बरं ठीक आहे, लवकर उठणं वाईट नाही. डोकं ताजं असतं, मान्य. आणि प्लेसमेंटला कोडिंग प्रॉब्लेम विचारतात, तेही मी करते, न करून सांगते कोणाला. पण ते हिरवे चौकोन प्लीज नको. कमिटची, म्हणजे कोड टाकल्याच्या नोंदीची, तारीख मागची टाकता येते हे वर्गातल्या अर्ध्या लोकांना माहितीय, स्क्रिप्ट लावून वर्षभराची हिरवळ एका रात्रीत उगवलेली मी बघितलीय. गिटहबने स्वतः 2016 मध्ये प्रोफाईलवरचे स्ट्रीकचे आकडे काढून टाकले, आणि आमचे सर 2016 च्या आधीच्या स्लाईड घेऊन फिरतायत.

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्यावर जास्त राग आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी प्रोजेक्ट विकत घेतलेत. सोर्स कोड, पीपीटी, ब्लॅक बुक, सगळं एका पॅकेजमध्ये, इन्स्टावर जाहिरात येते, व्हायवाचे प्रश्न फ्री. फेस रेकग्निशन अटेंडन्स तीन ग्रुपकडे आहे, तिन्हीत फोटो एकाच माणसाचा. एका ग्रुपचं क्रॉप रेकमेंडेशन. नेटवरचा तो फेमस डेटासेट आहे ना, 22 पिकांचा. त्यात सफरचंद आहे, ताग आहे, कॉफी आहे. काजू नाही! कोकम नाही, सुपारी नाही. सिंधुदुर्गात बसून शेतकऱ्याला ताग लावायला सांगणार तुम्ही. घरामागे काजूची बाग आहे रे तुझ्या, बापाला एकदा विचारलं असतंस तरी प्रोजेक्ट झाला असता.

जाऊ दे. चिडून काय होतंय. काहींचे लॅपटॉप हप्त्यावर आहेत, काही जण सुट्टीत हॉटेलात काम करून फी भरतात, त्यांना खाडीकाठी वही घेऊन बसायला वेळ कुठला. कळतं मला. त्यांच्याबद्दल नाही बोलत. मी बोलतेय गाडी घेऊन कॉलेजला येणाऱ्यांबद्दल, त्यांना स्वतःला माहितीय कोण ते.

मला विचाराल तर मी बदलले कशाने, तर त्या बाईच्या आवाजाने. पूर्वी मला कोणी प्रश्न विचारला की मी गुगल करून उत्तर द्यायचे. आता "माहीत नाही, उद्या बघून सांगते" म्हणता येतं. व्हायवाला हे उत्तर चालत नाही म्हणा, मार्क जातात. काकीला चालतं, ती म्हणते, "बघ बघ, माका घाई नाय." आणि मग स्वतःची पाऊणपट करून मोकळी होते आणि तिचं उत्तर माझ्या जवळपास निघतं, कधी कधी माझ्यापेक्षा बरं. भांगाच्या दिवसांत मात्र, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, माझा आकडा तिच्यापेक्षा चांगला येतो असं वहीवरून दिसतंय. परवा तिने ते कबूल केलं. म्हणजे कबूल असं नाही, कालवं दिली घरी आणून. सोलून!! ज्यांनी कालवं फोडलीत त्यांना कळेल त्याची किंमत.

सर उद्या आमच्या ज्युनिअर्सना घेणार आहेत. कोणीतरी त्यांना विचारा, पाच वाजता उठल्यावर पहिला फोन कोणाला करायचा. मला खरंच उत्तर ऐकायचंय, टोमणा नाही. बरं, थोडा टोमणा आहे.

आणि एक कामाचं. जेटीवर लाईट जाते तेव्हा बोर्ड बंद पडतो आणि नेमके वादळी दिवसांतले आकडे हातचे जातात. कोणाकडे छोटी सोलर प्लेट वापराविना पडली असेल तर मेसेज करा. मालवण, आचरा, मसुरे कुठेही असलात तरी येऊन घेऊन जाईन. पैसे देणार आहे, फुकट नको. चालू असली पाहिजे फक्त, मागच्या वेळी एकाने फुटकी दिली होती.