गंगेवर चित्र काढू नये

गंगेवर माणसाला काय वाटेल ते करता येतं. (गोदावरीला गोदावरी नाशिककर फक्त भाषणात म्हणतो.) धुणं धुवा, सूर मारा, दहाव्याचा पिंड ठेवून कावळ्याची वाट बघा, कुणी काही विचारत नाही. मांडीवर वही आणि हातात २बी पेन्सिल घेऊन बसा, पाठीमागे माणूस उभा राहिलाच. दिसत नाही, चणे चावल्याचा आवाज तेवढा कानाशी येतो.

पन्नाशीच्या तोंडावर मी चित्रकलेचा क्लास लावला. शाळेतल्या एलिमेंटरीच्या शिदोरीवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य आणि खाली झोपडी, एवढंच येत होतं. ते बघून सरांनी खिडकीकडे बोट केलं. नाशिकभोवती डोंगरांना तोटा नाही. पण सगळा काळ्या पाषाणाच्या थरांचा कारभार, त्यामुळे कित्येकांचे माथे सपाट. अंजनेरीवर तर चांगलं पठारच आहे. "हे त्रिकोण कुठून आणलेत? माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा."

ऐकायला सोपं आहे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर बसा म्हणजे कळेल. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर गाव पुराचा अंदाज बांधतं. त्याला दोन तोंडं, हे आम्हाला अक्षरओळखीआधीपासून पाठ. तेव्हा मी दोन्ही काढली. एकाच बाजूने. सरांनी वही जवळ नेली, लांब धरली आणि विचारलं, "पूर आलाय का? घाबरलेत दोघंही."

घरचा अभिप्राय गोड, म्हणून बिनकामाचा. बायको मेथी निवडता निवडता, मान वर न करता "छान झालंय हो" म्हणते. नातेवाइकांच्या ग्रुपवर नारोशंकराचं मंदिर टाकलं, तर भराभर अंगठे आले आणि मावशीने विचारलं, "केक मस्त! वाढदिवस कुणाचा?" खरा अभिप्राय म्हणाल तर हा.

चूक मावशीची नव्हती. नारोशंकर १७४७ सालचं. शिखराला शिखरं, त्या शिखरांना आणखी शिखरं. मी ती एकेक मोजून काढत होतो. "मोजणी तलाठ्याला करू द्या," सर म्हणाले. "डोळे बारीक करा. नक्षी विरघळेल, उजेड आणि सावली उरेल. आधी तेवढंच उतरवा." शिवाय हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घ्यायची: मंदिराची रुंदी उंचीत किती वेळा बसते, वगैरे. म्हणजे घाटावर मी कधी दोन्ही डोळे किलकिले, तर कधी एकच उघडा. एक आजी थांबून म्हणाल्या, "डोळे आलेत का रे बाळा? गंगेचं पाणी लाव." पाण्याचा रंग बघून मी तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं.

खरी धास्ती घेतली ती समोरच्या चहाच्या टपरीवाल्या मामांनी. पेन्सिल त्यांच्या दिशेने रोखली गेली की ते बाकडं आत ओढायचे. शेवटी कटिंग घेऊनच आले. "साहेब, मोजमाप सुरू झालं का? २०१५ च्या सिंहस्थाला उठवलं होतं आम्हाला. आता २०२७ तोंडावर आलंय."

मी वही दाखवली. मामांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच टीकाकार जागा झाला. नारोशंकराची, वसईच्या विजयाची म्हणून सांगतात ती घंटा मी टपरीच्या छपराखाली लोंबकळत ठेवली होती. "घंटा आमच्या पत्र्याच्या खाली कशी? वर बघा की. आणि या पायऱ्या! यावरून उतरणारा थेट रामकुंडात." सरांना दाखवलं, तर सर म्हणाले, "तुमची नजर ज्या उंचीवर आहे ती रेघ आधी मारा, मग पायऱ्या मांडा. या मामांची फी किती?"

तेव्हापासून चित्र पहिल्यांदा टपरीवर जातं. मामा "छान" म्हणत नाहीत, कारण त्यांचा चित्रात हितसंबंध आहे. टपरी लहान झाली की त्यांना खपत नाही. परवा मात्र बराच वेळ वही धरून उभे राहिले. घंटा जागेवर, पायऱ्या उतरण्याजोग्या, छपराची सावलीसुद्धा धड पडलेली. मी मनातल्या मनात शाल-श्रीफळ घेऊ लागलो.

"साहेब, खाली तारीख टाका," मामा म्हणाले. "सही पण करा. आणि याची एक झेरॉक्स द्या मला. उद्या कुणी म्हणालं, टपरी इथं नव्हतीच, तर कागद हवा ना हातात."