‘फॉर्म भरू नका’ या मेसेजला एका सेक्रेटरीचं उत्तर

गेल्या आठवड्यापासून कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला. मजकूर असा: ‘सभासद नूतनीकरण म्हणजे दरवर्षी द्यायची खंडणी. तालमी आहेत म्हणून संघटना आहेत. यंदा एकाही तालमीनं, मंडळानं, क्लबनं फॉर्म भरू नये. महिन्यात संघटना गुडघ्यावर येतील. कागदपत्रं मागणं हा निव्वळ छळ आहे. खेळाडूंचं काही अडत नाही, स्पर्धा आपण भरवू. संघटना खासगी असल्यानं कोर्टात जाऊन उपयोग नाही.’ संघटना म्हणजे क्रीडा संघटना; तालमी, मंडळं, क्लब त्यांचे सभासद असतात आणि दरवर्षी फॉर्म भरून, फी देऊन सभासदत्व नवं करतात. कुठल्या एका खेळाचं नाव नाही, म्हणजे सगळ्यांनाच लागू.

मी बारा वर्षं आमच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. फुटबॉल आणि कबड्डी, दोन्हीचे फॉर्म मीच भरतो. मेसेजमागचा राग मला समजतो. पण त्यात सांगितलेला मार्ग धरला तर नुकसान तालमींचंच होणार आहे.

सगळ्यात घातक वाक्यापासून सुरू करतो: ‘महिन्यात संघटना गुडघ्यावर येतील.’ बहुतेक क्रीडा संघटना संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेल्या असतात. त्या कायद्याचं कलम 15 एकदा वाचा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, त्याला मत देता येत नाही, एवढंच ते सांगत नाही. त्याला सभासद म्हणून मोजायचंही नाही, असं ते सांगतं. समजा, एका संघटनेत वीस संस्था आहेत आणि चौदांनी बहिष्कार टाकला. तीन महिन्यांनी हिशोब उरलेल्या सहांचाच. सभेत हात वर होणार ते त्या सहांचे. पुढच्या वर्षीची फी ठरवणार ते, घटना बदलणार ते, निवडणुकीत पदाधिकारी निवडणार तेही तेच. ज्यांना खुर्चीवरून उठवायचं म्हणून तुम्ही घरी बसलात, त्यांची वाट तुम्हीच मोकळी करून दिलीत. नूतनीकरणाची पावती ही तालमीची मतपत्रिका आहे, ती आपल्या हातानं फाडू नका.

‘खेळाडूंचं काही अडत नाही.’ हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. काही वर्षांपूर्वी आमच्याच मंडळात दोन कमिट्या झाल्या. दोघांनी वेगवेगळे फॉर्म भरले, दोन्ही फॉर्मांवर आमच्याच मंडळाचा गोल शिक्का. वाद मिटेपर्यंत खेळाडू नोंदणीची मुदत संपली. चूक पूर्णपणे आमची होती. आमचा गोलकीपर शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला होता. हंगामासाठी त्यानं सुपरवायझरच्या हातापाया पडून रात्रपाळी मागून घेतली होती. पहिल्या मॅचला तो शाहू स्टेडियमवर आला. रात्रपाळी करून थेट आलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत ग्लोव्हज. नव्वद मिनिटं त्यानं ती पिशवी खाली ठेवली नाही. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. त्याचं काही अडलं नाही, असं मेसेज लिहिणाऱ्यानं त्याच्यासमोर उभं राहून सांगावं.

वरच्या पातळीवरही असंच होतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक रखडली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, प्रशासक समिती नेमली गेली आणि ऑगस्ट 2022 मध्ये फिफानं महासंघालाच निलंबित केलं. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं. पण त्याच काळात गोकुलम केरळ या क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. त्या मुली एकही सामना न खेळता परत आल्या. कुस्तीत तर आपल्या गावाचा जीव आहे. भारतीय कुस्ती महासंघानं वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक संघटनेनं त्याला निलंबित केलं. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडला अंतिम पंघालनं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा ती भारताच्या झेंड्याखाली खेळूच शकत नव्हती. दोन्ही वेळा निवडणूक रखडली पदाधिकाऱ्यांची आणि फटका बसला खेळाडूंना.

‘स्पर्धा आपण भरवू’ याबद्दल मला शंका नाही. पेठेनं मनावर घेतलं की कोल्हापुरात चषकही होतो आणि स्टेडियमही भरतं. पण महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. स्पर्धा कुणी घेतली, ती संघटना मान्यताप्राप्त होती का, हे तिथं पहिल्यांदा बघतात. पेठेच्या चषकाचं प्रमाणपत्र घरच्या भिंतीवर शोभेल, त्या टेबलावर चालणार नाही.

‘खंडणी’ या शब्दाबद्दल थोडंच. खंडणीची पावती मिळत नाही आणि तिचा हिशोब मागता येत नाही. वर्गणीचा हिशोब मागता येतो, कारण आपल्याकडे अशा संस्था सहसा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतात आणि त्यांना लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. जिथं फॉर्मची पोच देत नाहीत, फी रोख घेऊन पावती नंतर न्या म्हणतात, मतदारयादी सभेच्या आदल्या दिवशी दाखवतात, तिथं जरूर भांडावं. मी स्वतः भांडलोय. पण हे भांडण सभासद राहूनच करता येतं.

‘कागदपत्रं मागणं हा छळ.’ काही कागद फालतू असतात, हे मान्य. पण शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद, का मागतात, हे मला आमच्या दोन कमिट्यांनी शिकवलं. कमिटी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आपल्याकडे नवी कमिटी गुलालात निवडली जाते आणि रिपोर्ट मात्र द्यायचा राहून जातो. दहा वर्षांपूर्वीचे विश्वस्त अजून कागदावर असतात, त्यातले दोघे वारलेले. अशा वेळी दोन गटांनी फॉर्म आणून दिले, तर समोरच्यानं कुणाचा घ्यायचा? आणि संघटनेत एखाद्याला तुमचा फॉर्म अडवायचाच असेल, तर त्याला हे आयतं कारण आपणच देतो. ती फट आपण बुजवली पाहिजे.

राहिला शेवटचा दावा, ‘कोर्टात जाऊन उपयोग नाही.’ हा साफ चुकीचा आहे. 2005 साली झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट नियामक मंडळाला ‘राज्य’, म्हणजे सरकारी यंत्रणा, म्हटलं नाही, पण सार्वजनिक काम करणाऱ्या अशा संस्थेविरुद्ध राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे स्पष्ट केलं. सभासदत्व रद्द करण्याआधी नोटीस आणि बाजू मांडायची संधी मिळायला हवी, हे तर नैसर्गिक न्यायाचं साधं तत्त्व आहे. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. वकिलाची फी, रात्रीची गाडी, पुढची तारीख, यातच लहान मंडळाचा दम निघायचा. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतं. त्याच महिन्यात संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर झाला, त्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. पण यातल्या कुठल्याही दारात गेलात, तरी पहिला प्रश्न एकच असेल: तुम्ही सभासद आहात का? पावती दाखवा.

आमच्या मंडळाचे दोन्ही फॉर्म मंगळवारी भरले. फी चेकनं दिली, पोचेवर सही आणि तारीख घेतली. सोबत एका पानाचं पत्र जोडलं, ‘आमचे सर्व हक्क राखून’ असं वर लिहून. मागण्या तीन: मतदारयादी सभेच्या किमान पंधरा दिवस आधी फलकावर लावा, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल सगळ्या सभासद संस्थांना पाठवा, आणि फॉर्म नाकारला तर कारण लेखी द्या. पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, ज्या तालमीला हवा तिनं मागून घ्यावा. शिक्का तेवढा आपापला मारायचा.