गाडी हॅक करून घेतलीत म्हणे?

आज सकाळी लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरचे काका भेटले. हातात दुधाची पिशवी, चेहऱ्यावर काळजी. "ताई, तुम्ही म्हणे गाडी हॅक करून घेतलीत?"

तळमजला येईपर्यंत मी गप्प राहिले. आता इथं बोलतेय. लांबण लागणार आहे, कुकर लावायचा असेल तर लावून या.

तीन आठवड्यांपूर्वी गाडीची बॅटरी उतरली. शेजारच्या गाडीवरून जम्परच्या केबल लावताना लाल आणि काळी उलटी लागली. कोणाच्या हातून ते लिहीत नाही, लग्नाला सव्वीस वर्षं झालीत. ठिणगी उडाली, डॅशबोर्डमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मीटर मेलं. काटे आडवे, दिवे गुल. नवी बॅटरी आणली, फ्यूज बदलले. इंजिन लागलं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. परत लावलं, परत दोन सेकंद.

फ्लॅटबेडवर चढवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. (घोडबंदर रोडला संध्याकाळी सात वाजता. त्यावर वेगळी पोस्ट होईल.) कंपनीचं नाव टाकत नाही, कमेंटमध्येही विचारू नका. तिथला शर्ट खोचलेला मुलगा टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, क्लस्टर गेलंय. नवीन मागवावं लागेल, कोडिंग करावं लागेल, कदाचित ईसीएम आणि चाव्यांचा सेटपण. अठ्ठ्याहत्तर हजार धरून चला. महिना लागेल." (क्लस्टर म्हणजे आपलं मीटर, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.) मी विचारलं, इंजिन तर धडधाकट आहे, मग मीटरवाचून अडतं कशाला? तर म्हणाला, "टेक्निकल आहे मॅडम. सरांशी बोलू का?"

सरांशी! ज्या सरांनी लाल-काळी उलटी लावली त्या सरांशी!

मी अकरा वर्षांची होते तेव्हा कशेडी घाटात बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं मीटर असंच जळलं होतं. गणपतीला खेडला चाललो होतो, रात्र, वरून धो धो. बाबांनी माझ्या हातात टॉर्च दिला, स्वतः स्टिअरिंगखाली उताणे झोपले, एक वायर तोडली, दुसरी जोडली, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली आणि गाडी चालू. खेडपर्यंत वेगाचा काटा शून्यावर. आई म्हणाली, निदान तुम्ही किती जोरात चालवता ते आज दिसत नाहीये.

असल्या बापाच्या मुलीला तो मुलगा टेक्निकल आहे म्हणून सांगतो.

तर ते टेक्निकल काय आहे, मीच सांगते. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी घातली की कुलपाभोवती गुंडाळलेली तांब्याची कॉइल तिला दुरूनच वीज पोचवते आणि चिप आपली ओळख सांगते. ती ओळख तपासणारा राखणदार म्हणजे इमोबिलायझर. माझ्या गाडीत तो मीटरच्याच सर्किटवर बसवलाय. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला विचारतो, चावी आपलीच का? राखणदार जळालेला, उत्तर येत नाही, इंजिन दोन सेकंद वाट बघतं आणि बंद. सगळ्या गाड्यांत तो मीटरमध्येच असतो असं नाही, कुठं वेगळा डबा असतो. पण वेगाचा काटा आणि कुलूप एकाच डब्यात घालायची अक्कल ज्याची, त्याला एकदा आमच्या सोसायटीच्या मीटिंगला बसवा.

मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन त्याच पार्ट नंबरचं जुनं मीटर साडेचार हजारांत आणलं. बसवलं. काटे उठले, दिवे लागले, मला केवढा आनंद! आणि आकडा बघते तर एक लाख बारा हजार किलोमीटर. कोणाच्या तरी संसाराचे. गाडी सुरू केली, दोन सेकंदांत बंद. त्या मीटरला माझी चावी परकी.

मग सर्व्हिस सेंटरला लेखी विचारलं की माझ्या गाडीचा इमोबिलायझरचा पिन, म्हणजे मीटरला चावीची ओळख करून द्यायचा गुप्त कोड, मला द्या. आरसी माझ्या नावावर, दोन्ही चाव्या माझ्याकडे, कर्ज मी फेडलं. उत्तर आलं, हा कोड कस्टमरला देता येत नाही. म्हणजे गाडी माझी आणि तिचा पासवर्ड यांचा. घर विकत घेतल्यावर बिल्डर म्हणाला, लॅच आमच्याकडेच राहील, आत जायचं असेल तेव्हा अपॉइंटमेंट घ्या, तर चालेल का तुम्हाला?

आणि हे रडगाणं आजचं नाही. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता. २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. वाचायला छान वाटतं. काउंटरवर उभं राहिलं की "टेक्निकल आहे मॅडम".

हो, इमोबिलायझरमुळे चोऱ्यांना आळा बसतो. मान्य. बाबांची तीच पद्मिनी पुढं नौपाड्यातून कोणीतरी वायर जोडूनच पळवली होती, दुसऱ्या दिवशी कळव्याला सापडली, पेट्रोल संपलेलं. झालं समाधान?

शेवटी ऑफिसातल्या एकीनं वागळे इस्टेटमधल्या एका मुलाचा पत्ता दिला. पत्र्याचं शटर, आत एक टेबल, मोठ्या भिंगाचा दिवा, सोल्डरिंग आणि लॅपटॉप. पंचविशीचा असेल. त्यानं पहिल्यांदा आरसी आणि माझं ओळखपत्र मागितलं, दोन्हींचे फोटो काढून ठेवले. काका, वाचताय ना? पहिल्यांदा ते मागितलं.

मग जळकं मीटर उघडलं. एका कोपऱ्यात काळा डाग, तांब्याच्या रेषा उचकटलेल्या. तो म्हणाला, "मावशी, सप्लायचा भाग गेलाय. मेमरी शाबूत असेल तर तुमचं नशीब." आठ पायांची चिप, करंगळीच्या नखाहून लहान. चावीची ओळख, पिन, किलोमीटर, सगळा ऐवज तिच्यात. त्यानं ती गरम करून अलगद उचलली, प्रोग्रामरमध्ये, म्हणजे चिप वाचायच्या यंत्रात, धरली. स्क्रीनवर आकड्या-अक्षरांच्या रांगा सरसर उतरल्या. दोनदा वाचून ताडून पाहिल्या. "आली," म्हणाला. मला एकदम भरून आलं, कारण काही नाही.

मधेच वीज गेली. लॅपटॉप चालू होता, पण दिवा विझला. मी मोबाइलचा टॉर्च लावून धरला. दोन मिनिटांनी तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, हात हलवू नका." बाबा कशेडीला अगदी हेच म्हणाले होते, फक्त पुढे एक शिवी होती.

कुर्ल्याच्या मीटरमध्ये माझ्या गाडीची माहिती भरली. चावी फिरवली. दोन सेकंद, तीन, दहा. इंजिन चालूच. आणि आकडा माझा, ६८,४१२. दुसऱ्याचे किलोमीटर गेले, माझे परत आले. अडीच तास, सहा हजार रुपये.

याच चिपमधून किलोमीटर मागे फिरवून गाड्या विकणारेही आहेत, माहीत आहे मला. सुरीनं भाजी चिरतात आणि पाकीटमारही ब्लेड बाळगतो. म्हणून त्या मुलाला चोर म्हणायचं? काका, तुमच्या घराची किल्ली हरवली तेव्हा किल्लीवाल्याला रात्री अकरा वाजता तुम्हीच बोलावलं होतंत. त्याच्यासाठी चहा आमच्याकडून गेला होता.

जाऊ दे. काका वाईट नाहीत, त्यांना फॉरवर्ड फार येतात.

जम्पर लावताना लालला लाल, आणि उतरलेल्या गाडीकडची काळी सगळ्यात शेवटी, बॅटरीला नाही, इंजिनच्या उघड्या धातूला. आमच्याकडे आता हे केबलच्या पिशवीवरच मार्करनं लिहिलंय.

मीटरच्या काचेच्या कोपऱ्यात आधीच्या मालकानं चिकटवलेला छोटा गणपती तसाच आहे. त्यामागे पेट्रोलच्या काट्याचं टोक झाकतं, त्यामुळे टाकी भरलीय की नाही ते थोडं वाकून बघावं लागतं.