नीट रिपीट करायचं का? आधी प्रश्नपत्रिका उघडा

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की आमच्या सिंधुदुर्गात घराघरांत एकच विषय असतो, रिपीट करायचं की नाही. मी कणकवली तालुक्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतो. कधी फोनवर, कधी बाजारात मासळी घेताना. मुलगी बाजूला गप्प उभी असते आणि आई विचारते, "मॅडम, तुमीच काय ता ठरवा, आमका यातला काय कळता?" मला हे ऐकवत नाही. आपलं मूल वर्षभर कसं वागलं, कधी झोपलं, कशाला घाबरलं हे सगळं त्या माउलीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. अडचण एवढीच की घरातले सगळे फक्त मार्कांकडे बघत बसतात आणि त्यावरून वर्षाचा निर्णय घेतात.

मार्क फसवतात. 2024 च्या नीटमध्ये पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते, सुधारित निकालात त्यातले 17 राहिले. पुढच्याच वर्षी ऐच्छिक प्रश्न गेले, 180 मिनिटांत 180 प्रश्न सक्तीचे झाले, फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 मार्क पडले. तेव्हा "चाळीस मार्कांनी हुकलं, पुढच्या वर्षी चाळीस वाढवू" हा हिशोबच चुकीचा आहे. रँक बघा. राज्याच्या 85 टक्के कोट्यात मागच्या वर्षी तुमच्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कुठल्या रँकवर थांबला, ते राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या याद्यांमध्ये मिळतं. आपण त्याच्या किती जवळ आहोत हे एकदा स्वच्छ कळू दे.

आणखी एक गैरसमज इथे फार आहे. 2021 ला आपल्या जिल्ह्यात ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याच वर्षी अलिबागला, 2023 ला रत्नागिरीत. ज्या भागातले पेशंट आजही गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठतात, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण "आता कॉलेज आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे आपल्या मुलांना सोपं" असं नाही. विभागवार 70:30 चं आरक्षण, म्हणजे 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, 2020 मध्ये रद्द झालं. ओरोसच्या सीटवर लातूरच्या, नागपूरच्या मुलाचा तुमच्या मुलाइतकाच हक्क आहे.

मग ठरवायचं कसं? माझं मत ठाम आहे. पहिल्या वेळी मार्क नेमके का गेले ते सांगता येत असेल आणि ते कारण वर्षभरात बदलता येण्यासारखं असेल, तरच रिपीट करावं. "अजून जास्त अभ्यास करेन" हे कारण नव्हे.

प्रश्नपत्रिका घरी आणता येते, कच्चं काम तिच्यावरच केलेलं असतं आणि ओएमआरची, म्हणजे गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत परीक्षा घेणारी एनटीए वेबसाइटवर देते. म्हणजे पुरावा हातात असतो, तरी बहुतेक घरांत तो कपाटात जातो. एका विद्यार्थिनीची प्रश्नपत्रिका आम्ही पडवीत बसून पानापानाने तपासली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तिनेच खूण करायची होती: येतच नव्हतं, येत होतं पण गडबड झाली, की अंदाजाने गोल भरला. बायोलॉजी जवळजवळ स्वच्छ. फिजिक्समध्ये कपॅसिटरचा प्रश्न आला तिथे सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, आणि चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना दहाचा उणे चौथा घात हवा तिथे उणे दुसरा. पुढच्या पानावर पुन्हा तीच चूक. आणि शेवटच्या काही मिनिटांत अंदाजाने भरलेले गोल तर ओळीने चुकलेले. चुकीला एक मार्क वजा होतो हे तिला पाठ होतं, पण परीक्षेत हात थांबला नव्हता. दोन तासांत ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, मला सगळं परत शिकायचं नाहीये." तिने रिपीट करावं असं मी त्याच दिवशी तिच्या वडिलांना सांगितलं.

दुसऱ्या एका मुलाचं नेमकं उलट. चुका तिन्ही विषयांत विखुरलेल्या, एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पुस्तक कोरं करकरीत, आणि तो आधीच एकदा रिपीट केलेला. त्याला विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? त्याने आईकडे बघितलं. अशा मुलाला आणखी एक वर्ष देणं मला क्रूर वाटतं. कोकणात राहून शिकण्यासारखं कितीतरी आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. ही नावं घरात "काहीच नाही मिळालं तर" अशा सुरात घेतली जातात, ते थांबायला हवं.

बारावीला आपला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे नीटचा धक्का आपल्या मुलांना जरा जास्तच बसतो. बोर्डाला उत्तम लिहिणारी मुलं इथे चार पर्यायांत अडकतात. यात बुद्धीचा काही संबंध नाही, सरावाचा आहे, आणि सराव वर्षभरात नक्की होतो.

पण वर्ष कुठे आणि कसं जाणार हे आधी बघा. पावसात लाइट जाते, नेट जातं, मग गणपती, मग शिमगा. परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात. घरात पेट्या भरायच्या असतात, मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, लग्नं असतात. ज्या मुलाने सराव पेपर सोडवायचे तो दुपारभर गवत अंथरून आंबे लावत असतो. घरी बसून रिपीट करणार असाल तर घरच्यांनी आत्ताच कबूल केलं पाहिजे की एप्रिल-मेमध्ये त्याला हाक मारायची नाही. ते जमणार नसेल तर कोल्हापूर-लातूरचा विचार करा, पण क्लास आणि हॉस्टेलच्या फीसाठी कलमांची बाग गहाण टाकू नका. एक हंगाम हातचा गेला की ते ओझं थेट पोराच्या डोक्यावर येतं, आणि मग तो कपॅसिटर सोडवत नाही, कर्ज सोडवत बसतो.

मुलींबद्दल स्पष्टच लिहिते. एकाच घरात मुलाला दोनदा रिपीट करू देतात आणि बहिणीला पहिल्याच निकालानंतर "बीएस्सी कर आणि मोकळी हो" म्हणतात. वर्ष वाया जाईल म्हणे. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप; त्यात एका वर्षाने आयुष्याचं काहीही बिघडत नाही. नीटसाठी वयाची कमाल अट 2022 मध्येच काढली गेली आहे. वय मोजलं जातं ते लग्नासाठी, आणि ते मोजणं बंद करा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

घाईने काही सोडूही नका. निकालाच्या संध्याकाळी निर्णय होत नसतो. प्रवेशाच्या फेऱ्या पुढे काही महिने चालतात, बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपीच्या यादीत नाव लागू शकतं. सीट घेऊन सोबत रिपीट करायचं असेल तर ती सोडायची शेवटची तारीख, फी आणि मूळ कागदपत्रांचे नियम माहितीपत्रकात आधी वाचा. आणि कधीकधी मार्क पुरेसे असतात, अडतं ते जात पडताळणी किंवा नॉन-क्रीमिलेअरपाशी. तिथे रिपीटची गरज नसते, वेळेवर अर्ज करण्याची असते. हे काम अकरावीतच उरकून घ्या.

ज्यांना प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं असेल त्यांनी संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे यावं. क्लास लावला होता की नाही, कुठल्या कॉलेजचं मूल, काही विचारणार नाही. प्रश्नपत्रिका, ओएमआरची प्रत आणि स्वतः मूल, एवढं आणा. आई-वडील आले तर फार बरं, पण पहिला अर्धा तास मी फक्त मुलाशी बोलेन.