जीपला आतून साबण

रत्नागिरीत गंज कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे छत्रीची काडीसुद्धा एका पावसाळ्यापुरतं आयुष्य मागून येते. त्यात आमची जीप म्हणजे तात्यांची आठवण, आंब्याच्या पेट्या वाहून म्हातारी झालेली. तिची मूळ हूडफ्रेम कधीच मातीला मिळाली. काकांनी मग जीआय पाइप वाकवून नवी बसवली आणि पायदानांना जीआय पत्रा ठोकला. नळाला लावतात तोच पाइप. लहानपणी मला सारखं वाटायचं, कधीतरी या जीपला पाणी येईल.

गेल्या दिवाळीत मी ती रंगवली. सगळीकडे रेड ऑक्साइडचं अस्तर, वर ऑइल पेंटचे दोन हात. दृष्ट लागेल अशी दिसत होती, आणि लागलीच. पावसाळा सरला तेव्हा बॉडी धड होती, पण पाइपावरचा रंग नखाने उचलला तर केळीच्या सोपासारखी वीतभर पट्टी सुटून हातात आली. खाली पांढरी भुकटी, मोदकाची पिठी सांडल्यासारखी.

रंगात भेसळ आहे असं मी जाहीर केलं आणि ग्राइंडर मागून आणला. दोन दिवस घरासमोर दिवाळी. कान बधिर, भुवया अर्ध्या, पण पाइप असे लखलखले की त्यात बघून दाढी करावी. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळ्या फ्रेमवर नारिंगी झाक. समुद्राचा वारा रात्रीत येऊन आपलं काम करून गेला होता.

वेल्डरने येऊन फ्रेमवरून बोट फिरवलं.

"भाऊ, गंज कुठे काढलात? तुम्ही जस्त काढलंत!"

मग तिथेच, चहा पिता पिता, माझी शिकवणी झाली. जीआय म्हणजे सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंड. लोखंडाच्या वाटचा गंज जस्त स्वतः खातं, थोरला भाऊ कर्ज फेडतो तसं. ती पांढरी भुकटी म्हणजे त्याच जस्ताचा गंज. ती तेवढी घासून काढायची, खालचं जस्त ठेवायचं. आणि रंग? ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त एकत्र आले की चक्क साबण तयार होतो, त्यावर रंग ठरत नाही. म्हणजे वर्षभर मी जीपला आतून साबण लावून ठेवला होता. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडाने मागायला गेलो असतो तर त्याने आणखी दोन डबे गळ्यात मारले असते.

जिथे लोखंड उघडं पडलं होतं, म्हणजे माझ्या कृपेने जवळजवळ सगळीकडे, तिथे गंज घासून जस्त भरलेला कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचा स्प्रे मारायचा ठरला. पायदानं मात्र वाचली होती, तिथवर माझा ग्राइंडर पोचला नव्हता. ती सोडणाने घासायची. नारळाचं सोडण भुकटी काढतं, जस्ताला ओरखडा काढत नाही. मग पातळ व्हिनेगर फिरवायचं, चकाकी मरून पत्रा राखाडी झाला की भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून राहणारं अस्तर. रेड ऑक्साइडचं नाव काढायचं नाही.

व्हिनेगर कुठे आहे हे मला ठाऊक होतं. ते मंच्युरियनसाठी राखलेलं आहे हेही ठाऊक होतं. दुपारी घर झोपल्यावर बाटली उचलली आणि मागच्या पडवीतली बादली ओढली. आईच्या वेळची, जस्ताची. बाहेर पागोळ्यांखाली तीसेक वर्षं उभी, रंगाचा थेंब नाही, गंजाचा ठिपका नाही, नुसती राखाडी. बाटलीचं बूच उघडलं तोच मागून हात आला आणि बादली गेली.

"जीपचं काय करायचंय ते करा," बायको म्हणाली, "हिच्याकडे बघू नका. हिला अजून तुमचा हात लागलेला नाही."

पायदानांसाठी मला प्लास्टिकचा टमरेल मिळाला.